जोसेफीनमामी

‘आंट’ या एका शब्दापायी डब्लिनमधले माझे दोन दिवस गेले.

युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनच्या ग्रंथालयात आयरिश कादंबरीकार जेम्स जॉइसची पत्रं वाचत बसले होते. 2 नोव्हेंबर 1921 ला पॅरिसहून डब्लिनला धाडलेलं एक पत्र समोर आलं. सुरुवात ‘डिअर आंट जोसेफीन’. पुढचा मजकूर साधारण असा: एक्लिस स्ट्रीटवरच्या 7 नंबरच्या घरापुढचे गज ओलांडून साध्यासुध्या माणसाला आत उतरता येईल का? म्हणजे गजांवर चढायचं, पलीकडून त्यांच्या तळाला धरून लोंबकळायचं, पाय जमिनीपासून दोनतीन फुटांवर आले की हात सोडायचे आणि कुठं न लागता खाली पोचायचं. मी एकाला हे करताना पाहिलंय, पण तो गडी अंगानं कसलेला होता. एका परिच्छेदाचे शब्द ठरवायचे आहेत, तेव्हा सविस्तर कळव.

पत्र लिहिणारा एकोणचाळीस वर्षांचा. गाव सोडून सतरा वर्षं झालेली. तिकडे फ्रान्समधल्या दिजाँच्या छापखान्यात त्याच्या ‘युलिसिस’ या कादंबरीचे खिळे जुळवणं चाललंय, आणि हा एका बाईला विचारतोय, उडी मारता येते का ते सांग.

मी वाचनालयात आहे हे विसरून हसले. मग मनात आलं, पण ही बाई याची कोण?

इंग्रजी वाचकाला हा प्रश्न पडायचं कारण नाही. आंट म्हणजे आंट. माझं मराठी डोकं मात्र तिथंच अडलं. काकूला असं पत्र गेलं असतं तर तिनं ते आधी दिराला दाखवलं असतं. आत्या म्हणाली असती, उड्यांचं राहू दे, घरी पैसे कधी पाठवतोस? मावशीनं डोळ्यांला पदर लावला असता. परक्याच्या घराचे गज चढता येतात का हे ज्या बाईला बिनदिक्कत विचारता येतं, ती बहुधा मामीच असणार. हा माझा अंदाज. संशोधनाच्या पद्धतीत अंदाजाला जागा नसते, म्हणून मी रिचर्ड एलमनचं जाडजूड चरित्र काढलं आणि मरे घराण्याचा वंशवृक्ष वहीत काढत बसले. जॉइसची आई मे, माहेरची मरे. तिचा भाऊ विल्यम. त्याची बायको जोसेफीन.

मामीच निघाली. एवढा आनंद मला पुढे पदवी हातात पडली तेव्हाही झाला नाही.

---

हे 2012-13 चं साल. पुण्यात एम.ए. करून दोन वर्षं मास्तरकी केली होती, कर्ज काढून पुन्हा एका वर्षाच्या एम.ए.ला आयर्लंडला गेले होते. युरो सत्तर रुपयांच्या पुढे होता, त्यामुळे कॉफी पिताना प्रत्येक घोटाचा हिशोब लागायचा. जॉइसची आणि माझी ओळख त्याआधीची, पण गाइडातली. आमच्याकडे जॉइस म्हणजे ‘संज्ञाप्रवाह’, पात्राच्या मनातला विचारांचा ओघ जसाच्या तसा मांडायची पद्धत. या शब्दाची व्याख्या, वैशिष्ट्यं पाच, आणि मराठीतलं उदाहरण म्हणजे मर्ढेकरांची 1942 ची ‘रात्रीचा दिवस’. एवढं लिहिलं की दहापैकी सात. ‘युलिसिस’ उघडून बघायची गरज परीक्षेला नव्हती, त्यामुळे कुणी उघडलं नव्हतं. शिकवणाऱ्यांनी तरी उघडलं होतं का, ही शंका आता येते. पण दोन वर्षं मीही तेच शिकवलंय, तेव्हा जास्त बोलत नाही.

डब्लिनला आल्यावर पहिली गंमत ग्रंथालयाचीच. शहराच्या दक्षिणेला बेलफील्ड नावाच्या भागात विद्यापीठाचा मोठा काँक्रीटचा परिसर, मधोमध तळं, आणि ग्रंथालयाचं नाव ‘जेम्स जॉइस लायब्ररी’. जॉइस इथं कधी शिकला नाही. तो 1898 ते 1902 या काळात याच कॉलेजात होता, पण तेव्हा कॉलेज गावात सेंट स्टीफन्स ग्रीनसमोरच्या जुन्या इमारतीत होतं. अठरा वर्षांचा असताना त्यानं नाटककार इब्सेनवर लेख लिहिला, तो लंडनच्या ‘फोर्टनाइटली रिव्ह्यू’त छापून आला, 12 गिनी मिळाल्या आणि पोरगा हवेत गेला. पुढच्या वर्षी त्याचा एक लेख कॉलेजच्या मासिकानं नाकारला, तर त्यानं मित्राबरोबर पत्रक छापून वाटलं. आता त्याच कॉलेजची मुलं परीक्षेच्या दिवसांत त्याच्या नावाच्या इमारतीत टेबलांवर डोकी टेकून झोपतात.

या शहराचा जॉइसवर जीव बसायला फार वेळ लागला. ‘डब्लिनर्स’ हा कथासंग्रह 1906 मध्ये एका लंडनच्या प्रकाशकानं घेतला आणि घाबरून सोडला. मग डब्लिनच्या प्रकाशकानं घेतला, छापला, आणि 1912 मध्ये मुद्रकानं छापलेले फॉर्मे नष्ट करून टाकले. भीती कशाची? गोष्टीत खऱ्या दुकानांची आणि दारूच्या गुत्त्यांची खरी नावं होती, आणि राजाबद्दल चार शब्द वेडेवाकडे होते. नावं बदलली असती तर काम झालं असतं. जॉइस अडून बसला. त्या वर्षी तो डब्लिनमधून जो निघाला तो पुन्हा कधी परतला नाही. पुस्तक शेवटी 1914 मध्ये लंडनलाच निघालं, तेही आधी सोडून दिलेल्या त्याच पहिल्या प्रकाशकाकडून. 1941 मध्ये झ्युरिकला जॉइस वारला तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये असलेले आयरिश मुत्सद्दी अंत्ययात्रेला फिरकले नाहीत, आणि त्याची अस्थिपेटी मायदेशी नेण्याची बायकोची तयारी सरकारनं धुडकावली. पुढे मात्र त्याच देशानं दहा पौंडांच्या नोटेवर त्याचं चित्र छापलं.

मी तिथं होते त्या वर्षी तर मजाच झाली. 2013 च्या एप्रिलमध्ये सेंट्रल बँकेनं त्याच्या नावानं चांदीचं दहा युरोंचं नाणं काढलं आणि त्यावर ‘युलिसिस’मधलं एक वाक्य कोरलं. त्यात एक शब्द जास्तीचा पडला. ज्यानं एका परिच्छेदाच्या शब्दांसाठी मामीला गजांपाशी धाडलं, त्याच्याच वाक्यात ‘दॅट’ घुसडला. आमच्या वर्गात त्या दिवशी दुसरं काही शिकवून झालं नाही.

---

वर्ग छोटा, बाराएक जण. त्यातले एक निवृत्त गृहस्थ, सत्तरीचे, जन्मभर डब्लिनमध्ये राहिलेले. नोकरी संपल्यावर हौस म्हणून शिकायला आलेले. त्यांचं नाव इथं देत नाही. मी त्यांना मनात अण्णा म्हणायचे. अण्णांना सिद्धान्त वगैरे काही येत नसे. कुणी ‘वसाहतोत्तर’ म्हटलं की ते खिडकीबाहेर बघायला लागत. पण पानावरचा उतारा मोठ्यानं वाचायला घेतला की वर्ग गप्प. ज्या वाक्याशी मी रात्रभर शब्दकोश घेऊन झटले, ते अण्णांच्या तोंडून आलं की विनोद निघायचा.

त्यातला एक दिवस माझ्या फजितीचा. ‘युलिसिस’च्या बाराव्या प्रकरणात मेलेल्या पॅडी डिग्नमचा आत्मा प्लँचेटवर येतो आणि परलोकातल्या सोयी सांगतो. तिथं घरात म्हणे तालाफाना असतं, आलावातार असतं, हाताकालदा आणि वाताक्लासात असतं. छापताना अक्षरांवर दीर्घाच्या रेघा, आजूबाजूला ‘प्रलय’ वगैरे शब्द. प्राध्यापिकाबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, हे संस्कृत दिसतंय, तुला सांगता येईल का?

आठवी ते दहावी शंभर मार्कांचं संस्कृत घेतलेली मी. बाह्या सरसावल्या. आलावातार म्हणजे बहुधा अवतार, तालाचा काही तरी संगीताशी संबंध असावा, हाताकालदा हा कदाचित हठयोगातला… बारा जण वहीत उतरवून घेत होते. अण्णांनी पुस्तक जवळ ओढलं, चष्मा वर केला आणि नुसतं वाचलं. त्यांच्या त्या डब्लिनी उच्चारात: टेलिफोन, एलेव्हेटर, हॉट अँड कोल्ड, वॉटरक्लॉझेट.

परलोकातही संडासाची सोय आहे, एवढाच त्याचा अर्थ. मी वही मिटली.

नंतर शोधलं तर त्या चेष्टेला कारण होतं. त्या काळच्या डब्लिनमध्ये थिऑसफीचं, म्हणजे भारतीय अध्यात्म आणि गूढविद्या यांच्या मिश्रणाचं, वारं जोरात होतं. जॉर्ज रसेल, म्हणजे ‘एई’ या नावानं लिहिणारा कवी, त्यांतला पुढारी. यानंच 1904 मध्ये कडक्या जॉइसला शेतकऱ्यांच्या साप्ताहिकासाठी एक साधी गोष्ट लिहायला सांगितली, एक पौंड मिळेल म्हणाला. ‘डब्लिनर्स’मधली पहिली कथा अशी जन्मली. पौंड घेतला, आणि अठरा वर्षांनी उपनिषदांच्या सुरातलं ‘वाताक्लासात’ देऊन परतफेड केली. जॉइसच्या उधाऱ्या अशाच फिटायच्या.

त्या दिवसापासून मी त्याला मोठ्यानं वाचायला लागले. ट्रिनिटी कॉलेजच्या मागं लिंकन प्लेसला स्वेनी नावाचं जुनं औषधाचं दुकान आहे. ‘युलिसिस’चा नायक लिओपोल्ड ब्लूम तिथून लिंबाच्या वासाचा साबण घेतो. दुकान 2009 मध्ये बंद झालं, पण गावातल्या हौशी लोकांनी काचेच्या बरण्यांसकट ते तसंच ठेवलंय. साबण विकतात आणि गोल करून जॉइस वाचतात. एकानं एक पान वाचायचं, पुस्तक पुढच्याकडे. चुकलं तरी कुणी थांबवत नाही, अर्थ कुणी विचारत नाही, संपलं की पुन्हा पहिल्या पानापासून. मला तिथं बसल्या बसल्या वाईच्या घाटावरचं पारायण आठवायचं. फरक इतकाच, की प्रसाद म्हणून इथं चहा आणि बिस्किटं.

---

प्रबंधिकेचा विषय म्हणून मी आधी ‘जॉइस आणि मर्ढेकर: संज्ञाप्रवाहाचा तौलनिक अभ्यास’ असं काहीतरी भारदस्त दिलं होतं. मार्गदर्शकांनी तो कागद दोनदा वाचला आणि विचारलं, यात तुझा प्रश्न कुठला? मला उत्तर येईना. तेव्हा त्यांनी पत्रांचे खंड वाचायला बसवलं होतं, आणि तिथं ही मामी भेटली. मी विषय बदलला. जॉइसचे मामीला विचारलेले प्रश्न.

प्रश्न पुष्कळ आहेत. सँडीमाउंटच्या ‘स्टार ऑफ द सी’ चर्चमागं झाडं आहेत का, असली तर कुठली, समुद्रावरून दिसतात का? लेहीज टेरेसवरून वाळूत उतरायला पायऱ्या आहेत का? स्वस्तातल्या प्रेमकथांची पुस्तकं आणि एखादं पैशाला मिळणारं भजनाचं पुस्तक पाठव. जॉइसजवळ 1904 सालची ‘थॉम्स डिरेक्टरी’ होती, डब्लिनच्या रस्त्यारस्त्यावर कुठल्या नंबरात कोण राहतं हे त्यात छापलेलं. मग मामीला त्रास का? कारण डिरेक्टरीत झाडं नसतात. गज आहेत एवढं कळेल, पण ते माणसाच्या हाताला कसे लागतात ते छापलेलं नसतं.

आता ते गज. पत्रात शब्द होता ‘एरिया रेलिंग्ज’. एरिया म्हणजे आपल्याकडे भाग, वस्ती. मी समजत होते की सबंध वस्तीला कुंपण आहे आणि ब्लूम ते ओलांडून येतो. चांगली दोन पानं मी या समजुतीवर लिहूनही काढली, सीमारेषा, आत आणि बाहेर, परका ज्यू ब्लूम वगैरे. अण्णांनी ती वाचली आणि म्हणाले, चल, दाखवतो.

दाखवलं ते असं. डब्लिनच्या जुन्या जॉर्जियन घरांना अर्धवट जमिनीखाली एक मजला असतो. त्याला उजेड मिळावा म्हणून घर आणि फुटपाथ यांच्यामध्ये खोल चर सोडलेला असतो, पाचसहा हात रुंद, दगडी फरशीचा. त्याचं नाव एरिया. रस्त्यावरून जाणारा त्यात पडू नये म्हणून कडेनं लोखंडी गज, टोकाला भाल्यासारखे. घराच्या मुख्य दाराला जायला या चरावरून दगडी पायऱ्यांचा पूल. खाली मोलकरणींचं, स्वयंपाकघराचं दार. फुटपाथच्या पोटात कोळशाची कोठी, आणि फुटपाथवर तिचं गोल बिडाचं झाकण. कोळसेवाला झाकण उचलून वरूनच पोतं रिकामं करायचा. अण्णा म्हणाले, माझी आजी म्हणायची, आवाजावरून कळायचं पोतं भरलेलं होतं की त्यानं मापात मारलंय.

एक्लिस स्ट्रीटवरचं 7 नंबरचं घर आता नाही. पाडून तिथं हॉस्पिटल झालं. त्याचं दार वाचलं, ते आधी एका पबमध्ये होतं, आता नॉर्थ ग्रेट जॉर्जेस स्ट्रीटवरच्या जॉइस सेंटरमध्ये आहे. पण समोरची रांग अजून उभी आहे, तशाच गजांची. मी एका शनिवारी मोजपट्टी घेऊन गेले. गजांतून वाकून टेप खाली सोडतेय तोच एक माणूस कचऱ्याचा डबा ओढत दारातून बाहेर आला आणि म्हणाला, कौन्सिलकडून का? मी म्हटलं, नाही, युलिसिस. तो ‘बरं बरं’ म्हणाला आणि डबा लावून आत गेला. एक्लिस स्ट्रीटवर राहायचं म्हणजे याची सवय असणार.

कादंबरीतला प्रसंग असा. 17 जून 1904 ची पहाट, दोनच्या सुमाराची. ब्लूम घरी येतो, बरोबर तरुण स्टीफन, जॉइसनं स्वतःवरून रंगवलेला. खिशात हात घालतो तर किल्ली नाही. अंत्ययात्रेला जाताना विजार बदलली, किल्ली आदल्या दिवशीच्या विजारीत राहिली. वर बायको झोपलेली, आणि दुपारी तिच्याकडे कोण येऊन गेलं हे याला ठाऊक आहे. दार वाजवायचं की नाही? तो टोपी डोक्यावर घट्ट बसवतो, गजांवर चढतो, पलीकडून लोंबकळतो. देहाची लांबी पाच फूट साडेनऊ इंच. पाय फरशीपासून दोन फूट दहा इंचांवर येतात. हात सोडतो.

दोन फूट दहा इंच. पत्रात होतं ‘दोन किंवा तीन फूट’. त्या ‘किंवा’चं ‘दहा इंच’ होणं, हा माझ्या चाळीस पानांच्या प्रबंधिकेतला सगळ्यात आवडता भाग. मोजमाप ठरल्यावरच तो माणूस खाली पडू शकला, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं.

आणि तो ‘अंगानं कसलेला’ गडी? जॉइसचा कॉलेजमधला मित्र, जे. एफ. बर्न. 1909 मध्ये जॉइस, तेव्हा तो राहत होता त्या ट्रिएस्टहून, डब्लिनला आला असताना एका जुन्या दोस्तानं त्याच्या कानात विष ओतलं, की 1904 च्या उन्हाळ्यात तुझी नोरा माझ्याबरोबरही फिरत होती. त्याची बायको नोरा तिकडे धाकट्या मुलीला घेऊन ट्रिएस्टला. जॉइस सैरभैर झाला. तो धावत गेला बर्नकडे, आणि बर्न तेव्हा राहत होता 7, एक्लिस स्ट्रीट. बर्ननं त्याला बसवलं, ऐकून घेतलं आणि सांगितलं, हे धादांत खोटं आहे. त्याच मुक्कामात एका रात्री दोघं गावभर भटकले, वाटेत पैसा टाकून मशीनवर वजन केलं, घरी पोचले तर बर्न किल्ली विसरलेला. तो गजांवरून खाली उतरला आणि आतून दार उघडलं. जॉइस बाहेर उभा राहून बघत होता. बारा वर्षांनी त्यानं ते घर, ती उडी, बर्नची उंची आणि बर्नचं 11 स्टोन 4 पौंड वजन, सगळं ब्लूमला दिलं. आपल्या हिशोबानं बहात्तर किलोच्या आत. ज्या घरात आपली बायको आपलीच आहे हे त्याला कळलं, त्याच घरात त्यानं कादंबरीतली फसवणूक घडवली. यावर लिहिणाऱ्यांनी कपाटं भरली आहेत, माझा एक परिच्छेद पुरे.

---

मामीचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं.

जॉइसचा बाप, जॉन, मोठा गोड गळ्याचा आणि मोठ्या तहानेचा माणूस. करवसुलीची सरकारी नोकरी गेली, अपुरी पेन्शन, कॉर्कची इस्टेट विकून झाली. पाठीवर बिऱ्हाड घेऊन दहा पोरांचा संसार वीस वर्षांत डझनाहून जास्त घरं फिरला, दर घर आधीच्यापेक्षा पडकं. आणि एवढं करून तो तुच्छ लेखायचा कुणाला, तर बायकोच्या माहेरच्यांना. हे चित्र मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. 1903 च्या ऑगस्टमध्ये मे वारली, वय 44. अंथरुणाभोवती सगळे गुडघे टेकून प्रार्थना करत होते, जॉइस उभा. दुसऱ्या मामानं खुणेनं गुडघे टेकायला सांगितलं, त्यानं टेकले नाहीत. त्या घरात त्यानंतर वडीलधारं असं जे कुणी उरलं ती जोसेफीनमामी. पोला आणि ट्रिएस्टहून दारिद्र्याची, नोराची, बाळंतपणाची पत्रं जात ती तिला.

‘युलिसिस’ निघाल्यावर त्यानं तिला प्रत पाठवली. 1922 मध्ये हजार प्रतींच्या त्या आवृत्तीतली एक प्रत डब्लिनच्या एका साध्या घरात येऊन पडली. मामीला काही कळेना. जॉइसनं उलट टपाली फटकारलं: तुला आधी होमरची ओडिसी (कादंबरीचा सांगाडा तिच्यावरच बेतलेला) वाच म्हणून सांगितलं होतं, आता निदान चार्ल्स लॅमनं मुलांसाठी लिहिलेलं युलिसिसचं पुस्तक तरी विकत आण. मामीनं मुलीपाशी मत दिलं, हे पुस्तक वाचण्याच्या लायकीचं नाही. मुलीनं ते आतेभावाला, म्हणजे जॉइसला, पोचवलं. तो म्हणाला, युलिसिस वाचण्याच्या लायकीचं नसेल तर आयुष्यही जगण्याच्या लायकीचं नाही.

हे उत्तर पोस्टरवर छापतात. मला त्यात मामीची बाजू घ्यावीशी वाटते. तिच्या नवऱ्याला या भाच्यानं कादंबरीत रिची गूल्डिंग म्हणून घातलंय, पाठदुखीनं वाकलेला, वकिलाच्या ऑफिसातला कारकून. तिला सारा केलंय. तिसऱ्या प्रकरणात स्टीफन सँडीमाउंटच्या वाळूतून चालतो, सारामामीकडे जावं की नाही या विचारात. मनातल्या मनात भेट होऊनही जाते: दार उघडतं, मामा अंथरुणातून हाक मारतो, बस म्हणतो, खायला काय देऊ विचारतो. आणि मग तो थबकतो. मामीकडे वळायची वाट मागं गेली. जायचं नाही का आपण? नाही, असं दिसतं. चालत राहतो.

ज्या मामीनं झाडं आणि पायऱ्या कळवाव्यात, तिच्या दारावरून कादंबरीतला भाचा न थांबता पुढे जातो. आणि नाण्यावर चुकलं ते वाक्य याच प्रकरणातलं.

1924 मध्ये मामी वारली.

---

माझी मामी वाईला असते. मधल्या आळीत माझ्या आजोळचा वाडा होता. प्रबंधिका लिहिताना उन्हाळ्यात एकदा मला वाटलं, जॉइसला सतरा वर्षांनी आठवत होतं, मला काय आठवतं बघू. वही घेतली. दिंडी दरवाजा, चौक, ओसरी, माजघर, माडी. सगळं आलं. मग दाराचा अडसर डावीकडून सरकायचा की उजवीकडून, यावर हात थांबला. परसदारची भिंत किती उंच? जोत्याच्या पायऱ्या किती? दर मे महिन्यात ज्या पायऱ्यांवर बसून आंबे खाल्ले, त्या किती, मला येईना.

लँडलाइनवर फोन लावला. वाईला रात्रीचे साडेनऊ झाले होते, मामी मालिका बघत होती.

“पायऱ्या? कुठल्या पायऱ्या?”

“ओसरीच्या गं. किती आहेत?”

“तिकडं परीक्षेत वाईच्या पायऱ्या विचारतात का?”

मी म्हटलं, तसंच समज. आणि मामा रात्री नाटक बघून उशिरा यायचा तेव्हा परसदारच्या भिंतीवरून यायचा ना? ती केवढी? लागायचं नाही का त्याला?

पलीकडे जरा वेळ नुसता मालिकेचा आवाज. मग मामी म्हणाली, “तुला कुणी सांगितलं भिंतीवरून यायचे म्हणून? मी कडी काढून ठेवायची. सासूबाईंना वाटायचं भिंतीवरून येतात.” पुन्हा थांबली. “मोजून ठेवते. आलीस की सांगीन.”

ऑक्टोबरात परत आले. कोल्हापूरला नोकरी लागली, पुण्याला येणंजाणं सुरू झालं. वाईला वळायचं तर हायवेवर सुरूर फाट्याला उतरावं लागतं. दर खेपेला वाटायचं, पुढच्या वेळी. एसटी फाट्यावर थांबायची, दोघंचौघं उतरायचे, कंडक्टर घंटी मारायचा. असं किती वेळा झालं ते मोजलेलं नाही. दोन वर्षं म्हणजे बऱ्याच वेळा.

गेले तेव्हा वाडा बिल्डरला द्यायचं ठरलं होतं. सामान निम्मं बांधलेलं. चहा झाल्यावर मामीनं देव्हाऱ्याखालचा खण ओढला आणि कॅलेंडरचं एक फाटकं पान काढलं, जुलै 2013 चं. माझा फोन झाल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेलं. पाठकोऱ्या बाजूला शिवणाच्या टेपनं घेतलेली मापं. अडसर: डावीकडून. परसदारची भिंत: इंच 74, वरच्या फुटक्या काचा धरून 76. माजघराचा उंबरा: साडेसात. तुळशीपासून विहीर: माझी पावलं बावीस, तुझ्या मामाची अठरा.

सगळ्यांत खाली पायऱ्या. अकरा लिहून खोडलेलं, पुढे साडेदहा, तेही खोडलेलं.

“हे काय?” मी विचारलं.

“अगं, खालची एक निम्मी मातीत गेलीय,” मामी म्हणाली. “मी म्हटलं, तू आल्यावर तूच ठरव ती धरायची का नाही.”